नांगर धरला का?

शिडाच्या होडीवर राहतो म्हटलं की लोक शिडांबद्दल विचारतात. नांगराबद्दल कुणी विचारत नाही. ग्रीसच्या सिक्लाडीस बेटांमधला हा आमचा चौथा उन्हाळा. होडी चालवणं अंगवळणी पडलंय. थांबवणं अजून शिकतोय.

माझे डोळे देवगडचे. वारा येण्याआधी ढग येणार, हे त्यांनी लहानपणीच ठरवून टाकलेलं. एजियन समुद्रात मेल्तेमी येतो तो लख्ख निळ्या आभाळातून. जुलै-ऑगस्टात उत्तरेकडून सुटतो आणि तीस नॉटच्या वेगाने चार-चार दिवस हलत नाही. डोंगराळ बेटाच्या आडोशाला जावं, तर उतारावरून आणखी जोराने अंगावर कोसळतो.

पहिल्या वर्षी सिफनोसच्या वाथी खाडीत शिरलो. जवळजवळ चहूबाजूंनी बंद, शांत पाणी. तळाशी काळसर दिसलं तिथे नांगर सोडला, नि टोमॅटो चिरायला बसलो. तो काळसर पट्टा म्हणजे पोसिडोनिया, समुद्रगवत. त्याच्या जाड मुळांच्या गादीवर नांगर नुसता लोळतो, रुतत नाही. रात्री वारा वाढला तशी होडी मागे सरकू लागली. शेजारच्या होडीवरचा म्हातारा टॉर्च मारून ओरडला म्हणून वाचलो. शिवाय ते गवत वर्षाला जेमतेम काही सेंटिमीटर वाढतं. आपला नांगर ते उपटतो, ही लाज वेगळीच.

आता फिकट वाळूचा ठिपका सापडेपर्यंत घिरट्या घालतो. पाच मीटर पाणी, त्यात नाळेची, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाची, उंची एक मीटर. या सहाच्या पाचपट, म्हणजे तीस मीटर साखळी. मेल्तेमीचा अंदाज असेल तर चाळीस. नुसत्या नांगराच्या वजनावर होडी थांबत नाही. साखळी तळाशी आडवी पडून राहिली, तरच नांगर आडवा ओढला जाऊन वाळूत रुततो. साखळी कमी सोडली की ती त्याला वर उचलते. मग इंजिन हळूहळू मागे टाकायचं, किनाऱ्यावरचं झाड आणि घर एका रेषेत धरायचं आणि बघत राहायचं. शेवटी साखळीला नायलॉनचा दोर बांधायचा. धक्का तो खातो.

बायको सुकाणूवर, मी नाळेवर. वाऱ्यात आवाज पोचत नाही म्हणून हाताच्या खुणा ठरवल्यात. (संध्याकाळी सहाला कुठल्याही खाडीत जा, खुणा न ठरवलेली जोडपी ऐकू येतात.) मग मी चष्मा लावून पाण्यात उडी मारतो आणि नांगर डोळ्यांनी बघतो. वाळूत पुरा गाडला गेलेला दिसला की जेवण. भांडी समुद्राच्या पाण्यात घासायची, शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा. टाकी दोनशे लिटरची आहे.

तरी मेल्तेमीत झोप लागत नाही. आळीपाळीने जागतो. पहाटेचे चार म्हणजे देवगडला साडेसहा; दादा चहा घेऊन पडवीत बसलेला असतो. त्याची होडी जूनपासून वर ओढून झावळ्यांनी शाकारलेली.

हा वारा आणि देवगडचा पाऊस एकाच घरचे, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या मान्सूनमुळे तयार होणारा कमी दाबाचा पट्टा इराणवरून तुर्कस्तानापर्यंत पोचतो. बाल्कन देशांवर दाब जास्त असतो. त्या फरकातून मेल्तेमी वाहतो.

मी फोन लावला.

“पाऊस रवना नाय रे,” दादा म्हणाला.

“हंयसर वारो रवना नाय.”

“नांगर धरल्यान मां?”

टॉर्च घेऊन मी पुन्हा नाळेवर गेलो.