न्हाणीघरातली तार

घर बांधताना आपण फरशीचा रंग चार दुकानं फिरून ठरवतो. दाराच्या लाकडावर आठ दिवस चर्चा करतो. वायर कोणती घालायची, हे मात्र वायरमनवर सोडून मोकळे होतो. फरशी आवडली नाही तर पुढेमागे बदलता येते. भिंतीत एकदा गाडलेली तार वर्षानुवर्षं कुणी पाहत नाही.

आमच्या घरी पूर्वापार तांब्याचा बंब. पऱ्हाट्या, तुराट्या घातल्या की घरादाराच्या अंघोळी व्हायच्या. पण थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती, तीही ऐन श्रावणात. ओलं जळण फुंकत बसायचं, तर बाळंतिणीला पाणी मिळायचं कधी? म्हणून परसात न्हाणीघर बांधलं आणि दोन किलोवॅटचा गिझर घ्यायचं ठरलं.

वायरमन ओळखीतलाच पोरगा. म्हणाला, "तात्या, दिव्याच्या लाइनीवरनंच जोड देतो. अर्ध्या तासाचं काम."

मी म्हटलं, "आधी हिशेब तर करू, बाबा." एक एचपी म्हणजे साधारण पाऊण किलोवॅट. म्हणजे दोन किलोवॅटचा गिझर हा अडीच एचपीच्या मोटारीपेक्षाही मोठा गडी. विहिरीवरच्या मोटारीला आपण दिव्याची वायर लावत नाही. मग घरात हेच का विसरावं?

दोन हजार वॅटला २३० व्होल्टनं भागलं की जवळजवळ ९ अँपिअर येतात. दिव्याला १ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. गिझरला तांब्याची २.५ हवी. गिझर ३ किलोवॅटचा असेल किंवा न्हाणीघर मीटरपासून लांब असेल, तर ४ ची घालावी. वायरवर आयएसआय छाप पाहून घ्यावा. ही लाइन बोर्डापासून थेट आणि स्वतंत्र आणावी, वाटेत दुसरा फाटा काढू नये. सॉकेट १६ अँपिअरचं, तीन भोकांचं. २.५ च्या वायरला एमसीबी १६ अँपिअरचा. किटकॅटमध्ये तारेचे पाच-सहा पदर पिळून भरण्याची सवय तर सोडूनच द्यावी. तसा फ्यूज उडत नाही, त्याआधी भिंतीतली वायर जळते.

आता अर्थिंग. तिसरी, हिरवी तार गिझरपासून बोर्डापर्यंत आणि तिथून जमिनीतल्या खड्ड्यापर्यंत सलग गेली पाहिजे. खड्डा भिंतीपासून पाचेक फूट लांब घ्यावा, त्यात कोळसा आणि मीठ भरावं. मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी पडते, तेव्हा खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावं. काही जण खड्ड्याचा खर्च वाचवायला सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडतात. बाहेर कुठे न्यूट्रल तुटली, तर त्या जोडानं गिझरच्या अंगातच वीज उतरते. पूर्वी नळाच्या लोखंडी पाइपाला अर्थ बांधत. आता पाइप प्लॅस्टिकचे, त्यांचा अर्थिंगला काही उपयोग नाही.

एका पाहुण्यांकडे नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. घरची माणसं हसून म्हणायची, "थोडा करंट लागतो, एवढंच." थोडा करंट हा निरोप असतो. कोरड्या हाताला झिणझिण्या येतात, तिथे अंगभर ओला, अनवाणी माणूस दगावू शकतो.

आणि एमसीबी तिथे कामाचा नाही. तो वायरीला वाचवतो, माणसाला नाही. जीव घ्यायला अँपिअरचा लहानसा अंश पुरतो, १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी बसवावा, ३० मिलिअँपिअरचा. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांत एवढा फरक पडला की तो क्षणात लाइन तोडतो. अर्थिंग चांगलं असेल, तर माणसाचा हात लागण्याआधीच तोडतो. त्यावर चाचणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून पाहावं. लाइन तुटली नाही, तर वायरमनला बोलवावं.

स्विच न्हाणीघराबाहेर, दाराशी, दोन्ही तारा तोडणारा डबल पोल बसवावा. पाणी तापलं की स्विच बंद करावा, मगच अंघोळीला जावं. आणि बादलीत रॉड सोडून लेकराबाळांच्या वाटेत ठेवू नये.

खर्च वाढला, हे खरं. आम्ही फरशी एक प्रत उतरती घेतली आणि तो पैसा वायर, अर्थिंग आणि आरसीसीबीत घातला. वायरमननं थोडी कुरकुर केली, पण काम चोख केलं. लेक आणि नातू दोन महिने निर्धास्त राहून गेले.

आपल्या घरीही गिझर असेल, तर येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत एवढं करा: दिवसाउजेडी जाणत्या वायरमनला बोलवा, मेन बंद करून सॉकेट उघडायला लावा, आणि हिरवी तार आहे का, ती खड्ड्यापर्यंत पोचते का, हे स्वतः उभं राहून पाहा.