जागच्या जागी

जिल्हा कचेरीच्या दप्तरखान्यात ज्याने एकतीस वर्षे काढली, सन, तालुका आणि बाब या क्रमाने लावलेल्या रुमालांतून मागितलेला कागद ज्याने साहेबांचा चहा निवण्यापूर्वी हजर केला, त्याला व्यवस्था या विषयात दुसऱ्याकडून शिकण्यासारखे काही उरलेले नसते, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती समजूत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, सॅन डिएगो शहरातील ला होया या भागी, जूनमधील एका धुकट सकाळी, प्लॅस्टिकच्या एका कयाकने उतरविली.

माझ्या भाच्याला गरवण्याचे वेड आजोळाकडून मिळाले आहे. आमच्या लहानपणी मालवणच्या किनाऱ्यावरून उलांडीची होडी लोटणारा मनुष्य बरोबर काय नेत असे? गुंडाळलेला दोर, चार गऱ्या, करवंटीत आमिष, पाणी उपसण्यास एक भांडे आणि कमरेला कोयता. त्यामुळे पहाटे चार वाजता भाच्याच्या गॅरेजमध्ये मांडलेला सरंजाम पाहून मला हसू आवरेना. चार गळकाठ्या, गळ व शिशाची वजने भरलेल्या खणाखणांच्या डब्या, पकड, आकडी, बिनतारी यंत्र, मासे हुडकणारे दुसरे यंत्र, थंडावा टिकविणारी लांबट पिशवी, आणि जिवंत आमिषासाठी १२ व्होल्टच्या बॅटरीवर पाणी फिरविणाऱ्या पंपाची बालदी!

“अरे, ही मासेमारी आहे की मोहीम?” मी विचारले.

“मामा, यातला एकही नग जास्तीचा नाही,” तो म्हणाला, आणि भिंतीवर लावलेल्या फेरिस्तीवरून बोट फिरवीत एकेक जिन्नस उचलू लागला.

ज्या नावेत हे सारे जावयाचे होते ती आत बसण्याची नव्हे, वर बसण्याची. तिचे पोट सर्व बाजूंनी बंद. वरच्या खोलगट बैठकीत आलेले पाणी आरपार भोकांतून आपोआप खाली उतरते. या जातीचा जनक म्हणून मालिबूच्या टिम नीमियरचे नाव घेतले जाते. १९७० च्या दशकाच्या आरंभी, पाण्यात बुडी मारण्याचे साहित्य वाहून नेता यावे म्हणून, त्याने एक जुनी लाटफळी कोरून तिच्यात बसावयास व पाय ठेवावयास खळगे केले, असे सांगतात. म्हणजे सामानाची तजवीज हा या नावेला मागाहून चिकटलेला उपचार नसून तो तिचा जन्महेतूच होय. हिचे पूर्वज जे उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांचे कातडी कयाक, त्यांतही भाला हाताशी, त्याच्या दोरीचे वेटोळे समोरच्या घडवंचीवर आणि सीलच्या कातड्याचा फुगा पाठीमागे, ही वाटणी ठरलेलीच असे.

भाच्याने बैठकीमागच्या खळग्यात दुधाच्या पिशव्यांचा असतो तसला एक चौकोनी जाळीदार क्रेट ठेवला, त्याच्या कडेला बांधलेल्या नळ्यांत काठ्या उभ्या केल्या आणि रबरी दोरांनी तो असा आवळला की हलविता हलेना. जड ते तळाशी व मध्याजवळ, टोकदार ते झाकणाखाली, आणि प्रत्येक वस्तूला दोरी. मात्र ती दोरी आखूड, कारण लांब दोरी नाव उलटल्यावर पायांत अडकून रक्षकाची भक्षक होते. शेवटी एक नाडी माझ्यापुढे धरून तो म्हणाला, “ही चष्म्याला.”

“चष्मा सामानात मोडत नाही,” मी उत्तरलो. चाळीस वर्षे जो नाकावरून ढळला नाही, त्यास दावे लावणे मला अपमानास्पद वाटले.

आव्हेनिदा दे ला प्लाया हा रस्ता जेथे वाळूत संपतो तेथून आम्ही नाव लोटली. मी पुढे, तो मागे. सूर्याचा पत्ता नव्हता. मे-जूनमध्ये या किनाऱ्यावर सकाळी जे करडे मळभ दाटते त्याला तेथील लोक ‘जून ग्लूम’ म्हणतात. त्याच दिवसांत आमच्याकडे होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, हे आठवून मनाला क्षणभर चुटपुट लागली. उजवीकडे स्क्रिप्स सागरसंशोधन संस्थेचा धक्का धुक्यात अर्धामुर्धा दिसत होता. किनाऱ्यालगतचे पाणी मातलाह्वायल नावाच्या राखीव क्षेत्राचे. २०१२ पासून त्या हद्दीत मासा धरण्यास सक्त मनाई आहे. तेव्हा हद्द ओलांडेपर्यंत गळ काठीलाच अडकविलेला, आणि दोन वल्ह्यांखेरीज कसलाही आवाज नाही. समुद्राखालची खोल घळ येथे किनाऱ्याच्या अगदी निकट येते. बघता बघता तळ नाहीसा झाला आणि पाण्याचा हिरवा रंग गडद निळा झाला.

हद्दीपलीकडे भाच्याने बारीक गळांची माळ सोडली व आमच्या बांगड्याच्याच कुळातले पाचसहा मासे वर काढून बालदीत टाकले. पुढे केल्पचे वन लागले. ही सागरवनस्पती अनुकूल ऋतूत दिवसाकाठी दीडदोन फूट वाढते. तिची तपकिरी पाने पृष्ठभागावर आडवी पसरलेली होती. त्या वनाच्या कडेला जिवंत बांगडा सोडून आम्ही वाहवत राहिलो, आणि मान वळवून भाच्याचा कारभार न्याहाळण्यास मला सवड मिळाली.

तेव्हा मला जे उमगले ते असे. आमच्या दप्तरखान्यात कागद जातीवार लागत, कारण शोधणाऱ्यापाशी वेळ असे, बसावयास खुर्ची असे आणि दोन्ही हात मोकळे असत. येथे जिनसा जातीवार नव्हत्या, प्रसंगवार होत्या. पकड इतर हत्यारांबरोबर नव्हती, ती त्याच्या छातीवर होती. कारण तिची गरज लागते तेव्हा एक हात माशात गुंतलेला असतो. सुरी जीवरक्षक जाकिटावर होती. कारण दोरीत पाय अडकलेल्या माणसाला पेटी उघडण्याची फुरसत नसते. उद्याच्या अज्ञात मागणीसाठी आम्ही व्यवस्था करीत होतो. हा मनुष्य पुढच्या क्षणाच्या धांदलीसाठी करीत होता, आणि धांदल डोळ्यांनी पाहत नाही, ती हाताने चाचपते.

ते प्रत्यक्षही दिसले. काठी एकाएकी वाकली, दोर सूं करून सुटला, आणि मासा नावेला केल्पकडे ओढू लागला. पुढच्या दहा मिनिटांत भाच्याने एकदाही मागे वळून पाहिले नाही. त्याचा हात पाठीमागे जाई आणि हवी ती वस्तू घेऊनच परते. अखेर आकडीने वर घेतलेला तो यलोटेल, पिवळ्या शेपटीचा आणि अंगावर पिवळा पट्टा ओढलेला, लांबट पिशवीत गेला.

परतताना लाटा फुटतात त्याच्या अलीकडे आम्ही थांबलो. भाच्याच्या हुकमाप्रमाणे मी नाळेवरचे झाकण उघडून सोडविलेल्या काठ्या पोटात सरकविल्या, गळांच्या डब्या आत दिल्या व झाकण घट्ट लावले. “नाव उलटणारच आहे असे धरून बांधायचे, मामा, मग उलटली नाही तर फायदा.” फायदा झाला नाही. तिसऱ्या लाटेने मागचे टोक उचलले, नाव आडवी फिरली, आणि आम्ही दोघे कमरभर पाण्यात पडलो. नाव सुलटी केल्यावर पाहतो तो क्रेट जागेवर, बालदी जागेवर, वल्ही दोरीच्या टोकाला तरंगताहेत, मासा पिशवीत सुरक्षित. माझ्यासमोरचा किनारा मात्र पुसट झाला होता. प्रथम वाटले, धुके वाढले. नाकाला हात लावला तेव्हा उलगडा झाला.

भाचा एक शब्द बोलला नाही, हा त्याच्यावरील आजोळचा संस्कार.

संध्याकाळी त्याने सारे साहित्य गोड्या पाण्याने धुऊन वाळत घातले, कारण खारे पाणी रात्रीत गळ गंजविते. प्रत्येक नग जागी गेला की तो फेरिस्तीवर खूण करी. शेवटची खूण झाल्यावर मी त्याच्या हातून पेन्सिल घेतली, आणि कागद नाकाशी धरून, अखेरच्या ओळीखाली माझ्या कचेरीतल्या अक्षरात नोंद केली : ‘मामांचा चष्मा, नग १, दोरीसह. शेरा : पूर्वीचा नग समुद्रात जमा.’