तीन पंखे

गेल्या डिसेंबरात रात्रीच्या कोकणकन्येने निघालो, सकाळी मुंबईला उतरलो, दिवसभर लॅमिंग्टन रोडवर फिरलो आणि त्याच रात्रीच्या गाडीने रत्नागिरीला परत आलो. मोहल्ल्यात कोणी विचारलं, "मुंबईला कशाला गेला होतास?" तर मी सांगायचो, "पंखे आणायला." समोरचा हसायचा. रत्नागिरीत पंखे मिळत नाहीत का? मिळतात. छताचे, टेबलाचे, भिंतीवरचे, सगळे मिळतात. मला हवे होते तळहाताएवढे, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये बसणारे. तेही इथे मिळतात, पण मी पाहिले ते बहुतेक रंगीत दिव्यांचे होते, आणि त्या दिव्यांपायी माझं एकदा चांगलंच नुकसान झालं होतं.

हा लेख त्या पंख्यांबद्दल आहे. आणि थोडा माझ्या अब्बांबद्दल.

मी घरून काम करतो. पुस्तकांची अक्षरजुळणी, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, थोडंफार भाषांतर. घर राजिवड्यात, खाडीपासून चालत पाच मिनिटांवर. माझ्या पोटापाण्याचं यंत्र एकच, डेस्कटॉप कॉम्प्युटर. आधीचा मी 2019 साली हौसेने जुळवून घेतला होता. त्यात सहा पंखे बसवले. तीन पुढे, दोन वर, एक मागे. परदेशातल्या जाणकारांचे व्हिडिओ बघितले होते, सगळ्यांचं म्हणणं एकच: हवा जितकी जास्त खेळेल तितकं चांगलं. दिवेही लागायचे, निळे आणि जांभळे. माझा मुलगा मित्रांना बोलावून दाखवायचा.

2022 च्या पावसाळ्यात, ऐन कामाच्या आठवड्यात, तो बंद पडला. उघडून बघितलं तर स्क्रूंना गंज, मदरबोर्डावर तांब्याच्या रेषांवर हिरवट पांढरी बुरशीसारखी पूड, आणि प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांमध्ये जांभ्याच्या लाल धुळीचा चिकट थर. डिस्क वाचली म्हणून लोकांची पुस्तकं वाचली. पण महिना-दीड महिना कमाई बुडाली, आणि दोन गिऱ्हाइकं गेली ती गेलीच.

तेव्हा मी नशिबाला दोष दिला. खरं कारण नंतर समजलं. तो कॉम्प्युटर तापून मेला नव्हता. उलट तो फार थंड होता. त्याला मी सहा तोंडांनी खारा वारा पाजला होता.

यातलं गणित साधं आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. ते धुळीबरोबर आत जाऊन बसतात. हवा कोरडी असेल तर मीठ नुसतं पडून राहतं. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच. मग बोर्डावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार होतो, त्यातून वीज जाते, आणि धातू झिजायला लागतो. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर आपली हवा या 75 च्या वरच असते. नागपूरच्या माणसाचा शत्रू उन्हाळा आहे. आपला शत्रू वेगळा आहे, आणि मी नागपूरची काय, टेक्सासची औषधं घेत होतो.

आता अब्बांकडे येतो.

अब्बा 24 वर्षं कुवेतला होते. काम एसीचं. मोठ्या इमारतींच्या गच्च्यांवरची यंत्रं, तळघरातल्या मशीनरूम, पत्र्याचे हवेचे बोगदे. दोन वर्षांतून एकदा दोन महिन्यांसाठी यायचे, तेव्हा आमच्या घरात मात्र छताचा एकच पंखा होता. ते काय काम करतात हे मी कधी विचारलं नाही. शाळेत फॉर्मवर 'नोकरी, कुवेत' असं लिहायचो, तेवढंच. कोकणातल्या कितीतरी मुसलमान घरांत बाप असाच एका शब्दात मावतो.

आता ते 74 वर्षांचे आहेत. दम लागतो. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हटल्यापासून त्यांचा पलंग खालच्या खोलीत, म्हणजे माझ्या कामाच्या खोलीतच आहे. माझं काम रात्री चालतं. जुना कॉम्प्युटर गेल्यावर तात्पुरता एक वापरलेला घेतला होता, त्याच्या मागच्या पंख्याची घरघर इतकी की दारापर्यंत ऐकू यायची. अब्बा कधी तक्रार करायचे नाहीत. पण मशीनरूममधल्या वर्षांनी त्यांचा डावा कान गेलेला आहे, आणि माझ्या लक्षात आलं की मी कामाला बसलो की ते कूस बदलून उजवा, म्हणजे ऐकू येणारा कान उशीत दाबून झोपतात. त्या कुशीवर त्यांना दम जास्त लागतो. हे मला कळायला दोन वर्षं लागली.

म्हणून नवीन कॉम्प्युटर जुळवायचा ठरवला तेव्हा दोन अटी होत्या. मीठ आत जाऊ नये, आणि आवाज येऊ नये. मी याद्या करत बसलो होतो. अब्बांनी पलंगावरून विचारलं, "किती वॅटचं आहे?" (घरात आम्ही कोकणी बोलतो. इथे सगळ्यांसाठी मराठीत लिहितो आहे.)

मी म्हटलं, "पूर्ण जोरात चाललं तर दोनशे."

"आणि खोलीपेक्षा आतली हवा किती गरम झाली तर चालेल?"

"दहा अंश चालतील."

त्यांनी माझ्याच छापलेल्या एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडे मांडले. आधी हाताने गुणाकार, मग कंसात काहीतरी, आणि शेवटी आकडा: 36. "दर मिनिटाला छत्तीस घनफूट हवा. बस. तू सहा पंख्यांचं काय सांगत होतास?"

माझ्या जुन्या सहा पंख्यांच्या खोक्यांवर प्रत्येकी पन्नासच्या आसपास आकडा होता. जाळी आणि अडथळे धरून त्यातला निम्मा जरी खरा मानला, तरी मी गरजेपेक्षा बरीच जास्त हवा आत ओढत होतो. म्हणजे मीठही बरंच जास्त.

"पंखा थंड करत नाही," अब्बा म्हणाले. "तो फक्त हवा हलवतो. खोलीत तीस अंश असतील तर तू शंभर पंखे लाव, एकोणतीस होणार नाहीत." मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी त्यांना कुवेतमध्ये कामावर लागताना शिकवली होती. 1902 साली अमेरिकेत विलिस कॅरियर या इंजिनियरने पहिला आधुनिक एसी उभा केला, तो माणसांना गार करायला नव्हे. ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकावर एक बसायचे नाहीत, म्हणून. "तुझ्याच धंद्यासाठी," अब्बा म्हणाले. मी छपाईच्या कामात पंधरा वर्षं आहे, आणि हे मला माहीत नव्हतं.

यानंतर आम्ही दोघांनी मिळून पंखे ठरवले. ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी इथे लिहितो.

पहिली गोष्ट आकार. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो, म्हणजे कानाला तो निम्म्याहूनही कमी वाटतो. म्हणून लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा हळू फिरवावा. 80 मिलिमीटरचे पंखे आम्ही लगेच बाजूला काढले. पुढे 140 मिलिमीटरचे दोन, मागे 120 चा एक.

दुसरी गोष्ट दाब. खोक्यावर हवेचा आकडा मोठ्या अक्षरात असतो, तो मोकळ्यावर फिरणाऱ्या पंख्याचा. पुढे धुळीची जाळी असेल तर पंख्याला तिच्यातून हवा ओढावी लागते. त्यासाठी दुसरा आकडा बघायचा, स्थिर दाब, जो पाण्याच्या मिलिमीटरमध्ये लिहितात. आमच्या घरी जाळी असणारच होती, म्हणून दाब जास्त असलेले पंखे निवडले.

तिसरी बेअरिंग. स्वस्त पंख्यात स्लीव्ह बेअरिंग असतं. सुरुवातीला शांत, मग तेल सुकलं की घरघर. पंखा आडवा, छताला बसवला तर ते आणखी लवकर जातं. बॉल बेअरिंग टिकतं, पण त्याचा आवाज असतोच. तिसरा प्रकार फ्लुइड बेअरिंगचा, त्यात तेल बंदिस्त असतं. आम्ही तो घेतला.

चौथी पिना. तीन पिनांचा पंखा व्होल्टेज कमी करून हळू करावा लागतो, आणि फार कमी केलं तर तो थांबतो. चार पिनांच्या पंख्याला वेगाचा हुकूम वेगळ्या तारेतून मिळतो, त्यामुळे तो अगदी सावकाशही नीट फिरतो.

डेसिबलच्या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका. प्रत्येक कंपनी तो आपल्या पद्धतीने मोजते. एकीचा आकडा दुसरीशी जुळवण्यात अर्थ नाही.

लॅमिंग्टन रोडवर एका दुकानदाराने नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचे तपकिरी पंखे दाखवले. नाव मोठं, काम उत्तम, पण तिन्ही घ्यायचे तर मला परवडणारे नव्हते. त्याच कंपनीचे कारखान्यांसाठीचे पंखेही आहेत, धूळ आणि पाणी आत शिरू नये असे. क्षणभर मोह झाला. खाडीकाठच्या घराला आणखी काय हवं? घरी फोन लावला. अब्बा म्हणाले, "पंख्याला गंज चढला तर पंखा बदलशील. बोर्डाला चढला तर? पंखा वाचवायचा नाहीये, आतलं वाचवायचंय." मी आर्क्टिकचे साधे काळे घेतले, ना दिवे ना काही.

पंखे आले त्या दिवशी अब्बा खुर्ची ओढून बसले. कोणता पंखा कुठल्या बाजूने हवा फेकतो हे मी बाण शोधत होतो. त्यांनी नुसतं बघून सांगितलं, ज्या बाजूला मोटर धरणारे आडवे दांडे असतात, तिकडून हवा बाहेर. पुढचे दोन आत ओढतील, मागचा एक बाहेर टाकेल. आत येणारी हवा जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवायची, म्हणजे कॅबिनेटच्या फटींतून हवा बाहेरच जाते, फटींतून धूळ आत येत नाही. येईल ती फक्त जाळीतून, आणि जाळी दर महिन्याला नळाखाली धुता येते.

गुरुवार होता. अम्मीने मगरिबनंतर लोबान केला होता. अब्बांनी ते धुपाटणं मागून घेतलं आणि कॅबिनेटपुढे धरलं. धूर सरळ जाळीत शिरला, मागून पट्ट्यासारखा बाहेर आला. मग त्यांनी ते बाजूच्या फटींजवळ फिरवलं. तिथे धूर बाहेर ढकलला जात होता. "बरोबर," ते म्हणाले. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका पंख्याच्या चौकटीवर टेकवलं, मूठ उजव्या कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकलं. कुवेतमध्ये याच पद्धतीने ते मोठमोठ्या मोटरींचं दुखणं ओळखायचे, हे मला त्या दिवशी समजलं. तिसऱ्या पंख्याला त्यांनी जास्त वेळ दिला. मग म्हणाले, "चांगला आहे."

आम्ही पंख्यांचा वेग 600 फेऱ्यांवर ठेवला. पुस्तकाची मोठी फाइल छापायला तयार करताना प्रोसेसर 70 अंशांच्या थोडा वर जातो. त्याची सहन करायची हद्द 100 च्या आसपास आहे, तेव्हा चिंता नाही. आधी मी ते 55 वर आणायला धडपडायचो. कशासाठी, मलाच माहीत नाही.

पावसाळ्यासाठी अब्बांनी आणखी एक सांगितलं: काम असो नसो, रोज तासभर चालू ठेव. 28 अंशांची 90 टक्के दमट हवा आत 38 अंशांपर्यंत तापली की तिचीच आर्द्रता 50 च्या जवळ येते. पाणी तेवढंच, पण मिठाला ते ओढून घेता येत नाही. म्हणजे आपल्या हवेत यंत्राला थोडी ऊबच वाचवते. एक पावसाळा गेला. दिवाळीत उघडून बघितलं, बोर्ड कोरडा होता, स्क्रू चकचकीत.

त्याच पावसाळ्यातली एक रात्र सांगतो आणि थांबतो. अडीच वाजले असतील. बाहेर पाऊस थांबला होता, पागोळ्या गळत होत्या. मी काम करत होतो. अब्बा एकदम जागे झाले आणि म्हणाले, "लाइट गेली काय? कॉम्प्युटर बंद पडलाय."

"नाही अब्बा, चालू आहे."

त्यांना पटलं नाही. हात लांब करून त्यांनी कॅबिनेटच्या मागे धरला. तिथून कोमट हवा येत होती. ती त्यांनी थोडा वेळ हातावर घेतली. मग उजवा कान वर ठेवून झोपले.