माझी रात्र सकाळी दहाला

परळच्या एका रुग्णालयातली रात्रपाळी संपवून मी डोंबिवलीला उतरते, तेव्हा समोरच्या फलाटावर मुंबईकडे निघालेली गर्दी ओसंडत असते. घरी चहा, आंघोळ, आणि दहाच्या सुमारास पडदे ओढून झोप. टिळकनगरातल्या आमच्या चार मजली इमारतीत त्या वेळी दिवस ऐन भरात आलेला असतो.

खिडकीतून येणाऱ्या आवाजांशी माझं जमून गेलंय. भाजीवाल्याची हाक, रिक्षांचे हॉर्न. हे हवेतून येतं, खिडकी लावली की बरंच दबतं. छळतो तो छतातून येणारा आवाज. वर खुर्ची सरकली, जमिनीवर खलबत्ता ठेवून कोणी वेलची कुटली, की त्याचा धक्का थेट स्लॅबमध्ये उतरतो, आणि काँक्रीट तो जिरवत नाही, खांब-तुळयांमधून पुढे पोचवतं. पहिल्या मजल्यावरचं ड्रिल म्हणूनच तिसऱ्या मजल्यावर उशाशी चालल्यासारखं वाटतं. मेख अशी, की खुर्ची ओढणाऱ्याला स्वतःला जेमतेम किरकिर ऐकू येते. गडगडाट होतो तो खालच्या घरात.

वरच्या काकूंना मी एक-दोनदा सांगून पाहिलं होतं. त्या मनापासून म्हणायच्या, ‘‘अगं, आमच्याकडे आवाज करणारं आहे कोण?’’ खोटं बोलणाऱ्या बाई नव्हेत त्या. मग एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांना खाली बोलावलं, माझ्या पलंगावर बसवलं आणि त्यांच्या नातवाला वरून जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या नेहमीसारख्या ओढायला सांगितलं. पहिल्याच आवाजाला काकू दचकल्या. ‘‘तू रोज यात झोपतेस?’’

त्याच संध्याकाळी खुर्च्यांच्या पायांना रबरी बुचं बसली, खलबत्त्याखाली जुन्या सतरंजीची घडी आली. आता माझं ड्यूटीचं वेळापत्रक हाती पडलं की मी त्याचा फोटो काकूंच्या सुनेला पाठवते.

आवाजाला कायदाही आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आकड्यांत फरक दहाचाच, पण दहा डेसिबल वाढले म्हणजे ध्वनीची तीव्रता दहापट होते. हे नियम कागदावर राहू नयेत म्हणून ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर उच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांच्या याचिकेवर महत्त्वाचा निकाल लागला. उत्सवातल्या भोंग्यांविरुद्ध आज कोणी उभं राहू शकतं, त्यामागे अशा माणसांची चिकाटी आहे, आणि मला तिचं मोल वाटतं. रुग्णालयाभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात मी रात्रभर काम करते, तिथे आवाज वाढला की रुग्ण कसे अस्वस्थ होतात ते रोज पाहते. पण कायद्याची रात्र दहा ते सहा. माझी रात्र सकाळी दहाला सुरू होते, तिला कायद्यात जागा नाही. तिची राखण शेजाऱ्यांनीच करायची.

गेल्या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडाने बाथरूमची लादी फोडायला काढली. सोसायटीची परवानगी दिवसभराची होती, तरी ते गृहस्थ आधी प्रत्येक दारी विचारून गेले. माझ्या रात्रपाळीच्या आठवड्यात तोडफोड चारनंतर करायची ठरली. पण चारनंतर समोरच्या घरातली दहावीची मुलगी अभ्यासाला बसते. तिच्या आईचा चेहरा उतरला. बराच वेळ जिन्यात बोलणं चाललं. अखेर फोडायचं काम त्या आठवड्यातच उरकायचं, मुलीने अभ्यासिकेत बसायचं, आणि तिथली फी त्या गृहस्थांनी भरायची, असं ठरलं. सगळ्यांची सोय काही झाली नाही. मुलीची गैरसोय झालीच.

त्या जिन्यातल्या बोलण्यात कळलं, की चौथ्या मजल्यावरचे मोटरमनही आठवड्यातून काही दिवस दुपारी झोपतात. इतकी वर्षं कोणाला ठाऊक नव्हतं. येत्या वार्षिक सभेत मी एवढंच मागणार आहे: दुरुस्तीच्या अर्जावर परवानगीची सही होण्याआधी त्या जिन्यातल्या घरांना झोपेच्या वेळा विचाराव्यात. सेक्रेटरींनी विषय घेतला आहे. मोटरमनना मी सांगून ठेवलंय, पाळी नसेल तर सभेला या.