निपाणीचं नाक आणि लाल वाईन

तंबाखूच्या वखारींच्या गावात वाढलेल्या माणसाचं नाक लवकर शहाणं होतं. निपाणीत माल आधी चुरगळून हुंगायचा आणि मगच भाव बोलायचा. विडीचा जर्दाही एकाच शेतातल्या मालावर होत नाही. एकाचा कडकपणा आणि दुसऱ्याचा वास जमवावा लागतो. म्हणूनच मिश्र द्राक्षांची वाईन कमअस्सल असते, हे मला कधी पटलं नाही.

घरी मी बहुधा कॅबर्ने आणि शिराझ या द्राक्षांचं मिश्रण आणतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर राहण्याचा एक फायदा म्हणजे नाशिकची सुला आणि नंदी हिल्सची ग्रोव्हर या दोन्ही वायनरी आपल्याच वाटतात, आणि दोघीही हे मिश्रण करतात. कॅबर्नेचं मूळ गाव बोर्दो, शिराझचं ऱ्होनचं खोरं. फ्रान्समध्ये यांची सोयरीक सहसा होत नाही; ती गाजवली ऑस्ट्रेलियानं. कॅबर्ने तुरटपणा आणते, पण घोटाच्या मध्यावर ती पोकळ वाटते. ती पोकळी शिराझ आपल्या रसाळपणानं भरते.

पेला एक तृतीयांशच भरावा. आधी न हलवता हुंगावं, मग फिरवून. स्वस्त वाईन सुरुवातीला नुसती दारूची झणझण देते. तिला थोडी हवा लागू द्या, मग जांभूळ येतं आणि मागून मिरी. हा मिरीचा नुसता भास नाही. रोटंडोन नावाचं जे द्रव्य मिऱ्यात असतं, तेच शिराझमध्येही सापडतं. हिरव्या ढोबळी मिरचीचा वास आला, तर कॅबर्ने पुरती पिकण्याआधीच खुडली असावी. जाणकार लाल वाईनमध्ये तंबाखूही हुंगतात. पण आमच्या उन्हात वाळलेल्या मालाचा उग्रपणा मनात धरून शोधाल, तर तो सापडणार नाही.

लाल वाईन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा. तिला १६ ते १८ अंश मानवतात. आपल्याकडे एप्रिलात बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावीच, नाहीतर फळ दबतं आणि दारू वर येते. बेळगावच्या डिसेंबरातल्या रात्री मात्र ही गरज नाही.

जेवणाचंही भान हवं. तांबड्या रश्श्याच्या तिखटापुढे तुरटपणा आणि दारू दोन्ही जास्त झोंबतात. बेतशीर तिखटाचं सुकं मटण चालतं, कारण मांसातल्या प्रथिनांशी आणि चरबीशी गाठ पडली की तुरटपणा मवाळ होतो. कुंदा शेवटी, पेला रिकामा झाल्यावरच खावा. गोडावर कोरडी वाईन आंबट लागते.

उरलेली बाटली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा चाखा. फळ टिकलं असेल, तर पैसे वसूल झाले. पुढच्या वेळी तीच बाटली घ्या. नुसता तुरटपणा उरला असेल, तर लेबल कितीही देखणं असो, दुसरी शोधा.