सुनेची भाषा

आमचं देगलूर सीमेवरचं. पलीकडे तेलंगणातलं मदनूर, कर्नाटकही जवळच. बाजारापुरतं तेलुगू इथं पुष्कळांना येतं, मलाही यायचं. पण तिकडची सून घरात आली नि कळलं, भाव विचारणं वेगळं आणि मनातलं विचारणं वेगळं. मराठी शिकायचा सगळा भार तिच्या एकटीवर का टाकावा?

मी तेलुगूचं पहिलीचं पुस्तक आणलं. अक्षरं गोल गोल, पण क, ख, ग हा क्रम आपलाच. रात्री भांडी आवरली की मी पाच वाक्यं लिहायची, सुनेनं तपासायची. नुसत्या पाठांतरापेक्षा एकच वाक्य फिरवून लिहिलं की व्याकरण अंगवळणी पडतं. पुरुष आला तर 'वच्चाडु'. बाई आली, बैल आला, पाऊस आला, तरी 'वच्चिंदि'. मानाचं माणूस आलं, मग बाई असो की पुरुष, 'वच्चारु'.

मग गोष्टी. 1947 साली तेलुगूत निघालेला 'चंदमामा' म्हणजेच आपला 'चांदोबा'. त्याचे जुने अंक मिळाले. गोष्ट ओळखीची असली की अडलेला शब्द आपोआप उलगडतो.

आपल्या 'आम्ही' आणि 'आपण'सारखा भेद तेलुगूतही आहे. 'मा इल्लु' म्हणजे आमचं घर, 'मन इल्लु' म्हणजे आपलं घर. सून पूर्वी 'मा इल्लु' म्हणायची, ते माहेराला. हल्ली बोलता बोलता ती या घराला 'मन इल्लु' म्हणते. तो एक शब्द कळावा म्हणून केलेली मेहनत मला मुळीच जड वाटत नाही.