शिंगवाला पाहुणा

आमच्या मेव्हण्यांना दर तीन वर्षांनी एक नवा छंद जडतो. पोस्टाची तिकिटं झाली, बोन्साय झालं, मग घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आली. आणि त्या टाकीत एके दिवशी, क्रॉफर्ड मार्केटहून प्लॅस्टिकच्या पिशवीत बसून, एक शिंगवाला मासा आला.

"भाऊजी, याला काऊफिश म्हणतात."

मी पाहिलं. अंगठ्याएवढी पिवळी पेटी. डोळ्यांवर दोन शिंगं, मागे खालच्या अंगाला आणखी दोन. चेहरा असा, की याचं लग्न याला न विचारता ठरलं आहे. शास्त्रात नाव लॅक्टोरिया कॉर्न्यूटा, मूळ गाव तांबड्या समुद्रापासून थेट पॅसिफिकपर्यंत कुठेही. मोठा झाला की दीड फूट होतो, हे दुकानदार सांगत नाही. खवल्यांच्या षट्कोनी, हाडासारख्या चकत्या होऊन एकमेकींना सांधलेल्या, त्यामुळे कमरेत वाकणं नाही. डोळे, तोंड, पर आणि शेपटी एवढंच काय ते हलतं. जेवायची पद्धत मात्र थेट आमच्या आजोबांची. ते भाजलेल्या दाण्यांची सालं फुंकत, तसा हा तोंडाने पाण्याची पिचकारी मारून वाळू उडवतो आणि खालचं टिपतो.

याच्या पिवळ्या, ठिपकेदार चुलतभावावरून मर्सिडीज-बेंझने २००५ साली एक नमुन्याची मोटार काढली होती, हे मेव्हणे प्रत्येक पाहुण्याला सांगत. पुढे २०१५ साली संशोधकांनी तपासलं तेव्हा हा आकार पाणी कापण्यात काही एवढा थोर नाही असं निघालं, हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगत असे. म्हणजे आमच्यात थोडं आधीपासूनच होतं.

कोकणातला केंड याचा लांबचा नातलग. केंड अंगाने फुगतो, हा मनाने. घाबरला, दुखावला की कातडीतून विष सोडतो. समुद्रात ते विरून जातं. टाकीत जायला जागा नाही. शेजारपाजारचे मासे मरतात आणि पुष्कळदा त्यात तो स्वतःही. अशा रुसणाऱ्या दोन व्यक्ती माझ्या माहितीत आहेत, पण त्या सासरकडच्या असल्यामुळे इथेच थांबतो.

मे महिन्यात मेव्हणे सहकुटुंब साताऱ्याला लग्नाला गेले. चार दिवस टाकी माझ्याकडे.

"कोलंबीचे बारीक तुकडे घालायचे. काचेवर टकटक नाही, पाण्यात हात नाही. बस्स."

दुसऱ्या दिवसापासून तो मला ओळखायला लागला. मी खोलीत शिरलो की काचेशी येऊन पर फडफडवत उभा. माझी स्वतःची मुलं मी ऑफिसातून आल्यावर मानसुद्धा वर करत नाहीत. तिसऱ्या दिवशी कौतुकाने जरा जास्तच वाकलो आणि चष्मा टाकीत पडला.

चष्मा काढायचा तर तो दिसायला हवा, आणि दिसायला चष्मा हवा. मी घरून झारा आणला. पाच-सात मिनिटं पाणी ढवळलं. एकदा झारा कशाला तरी खट्‌कन लागला. मला वाटलं, दगड. शेवटी चष्मा हाताला लागला. झारा दगडाआड घसरला तो त्या आनंदात विसरूनच गेलो. तो मासा कोपऱ्यात, माझ्याकडे पाठ करून उभा होता. जवळ आला नाही.

सकाळी सातच्या सात मासे वर तरंगत होते. तोही. मी त्याला बाहेर काढला. हाताला रिकाम्या काडेपेटीसारखा लागला.

मेव्हणे आले. "रात्री लाईट गेली होती," मी म्हणालो. ते काही बोलले नाहीत.

रविवारी त्यांनी टाकी रिकामी केली. संध्याकाळी दारात उभे, हातात झारा. दांड्यावर मशीनने आमची नावं कोरलेला, आमच्या लग्नात त्यांच्याच आईने दिलेला.

"ताई, हा तुमच्याकडचा दिसतोय," ते हिला म्हणाले आणि जिना उतरून गेले.